पाचपेडी

तिपेडी वेणी मला येते. ती सगळ्यांनाच येते. डावा पेड मध्ये, उजवा पेड मध्ये, की झालं. पाचपेडीचं तसं नाही. एक पेड वरून, एक खालून, पुन्हा एक वरून, आणि कुठे चुकलं तर ते पार शेंड्याशी आल्यावर कळतं. मला ही वेणी घालता येत नाही, पण तिची सगळी रचना पाठ आहे, कारण एक आड एक रविवारी संध्याकाळी मी ती सोडत असे. उलट्या बाजूने शिकले, म्हणा ना.

वेणी माझ्या मुलीची. सात वर्षांची आहे. जेवताना, लिहिताना, मोजे घालताना सतत काहीतरी गुणगुणते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि तिचा बाबा; पूर्वी एका घरात म्हणायचो, आता दोन घरांत म्हणतो. घटस्फोटाला दीड वर्ष झालं. भुंगी माझ्याकडे राहते, आणि एक आड एक शनिवार-रविवार बाबाकडे जाते. त्या घरात गेल्या वर्षापासून ती बाई आहे.

ती बाई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. बारीक बोटं, बारीक आवाज आणि बारीक कंबर. तिसऱ्या गोष्टीचा या हकिकतीशी काही संबंध नाही, पण मी ती पाहिली हे लपवून काय उपयोग! भुंगी तिला मावशी म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. ही माझी बहीण कधी झाली, मला कोणी विचारलं नाही.

तर भुंगीच्या बाबाचा अर्ज आला. कौटुंबिक न्यायालयाचा शिक्का, अकरा परिच्छेद. मुलीने एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बाबाकडे राहावं, अशी मागणी. पहिले सहा परिच्छेद मी ओट्याशी उभी राहून वाचले. सातवा असा होता: 'सदर अल्पवयीन मुलगी परत आल्यावर जाबदार आई तिच्या केसांशी दांडगाई करते, त्यामुळे मुलीस शारीरिक वेदना व मानसीक त्रास होतो.'

मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. 'मानसीक'ची वेलांटी मी आधी पेन्सिलीने ऱ्हस्व केली आणि मग रडले.

दादाला फोन केला. "केसांशी दांडगाई म्हणे! दादा, मी?"

"तू कसली करतेस दांडगाई? शाळेत तूच मार खाऊन यायचीस."

"त्याचं नाहीच हे डोकं. तिचं आहे. ती बोलवते, तो बोलतो."

"बरं, तू शांत हो. माझे वकील आहेत ना, ज्यांनी आपल्या फ्लॅटचं सोडवलं. ताब्याच्या कामात त्यांचा हात धरणारा नाही कोणी."

आणि खरंच नव्हता. दादाच्या वकिलांच्या खोलीत छतापर्यंत नकाशे होते. त्यांनी माझं अर्धं बोलणं ऐकलं, चष्मा कपाळावर चढवला आणि टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली. "सदर मुलीचा शांततापूर्ण व निर्वेध ताबा..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलगी सध्या कोणाच्या वहिवाटीत आहे?"

मी म्हटलं, "माझ्या. पण ती सारखी गुणगुणते, शेजाऱ्यांची हरकत येऊ शकते."

ते हसले नाहीत. टंकलेखक हसला. जिना उतरताना आमच्याबरोबर आलेली वहिनी दादाला म्हणाली, "अहो, तुमच्या बहिणीला पोर हवंय, पार्किंग नकोय."

दुसरं नाव आमच्या छापखान्यात पानं लावणाऱ्या मैत्रिणीने दिलं. तिच्या जावेची केस त्या वकीलबाईंनी लढवली होती. सगळे त्यांना वाघीण म्हणत. बाहेर सोळा खुर्च्या आणि सोळाही भरलेल्या. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईकडे पाहून मी ठरवत होते की हिचं दुःख माझ्यापेक्षा कमी आहे. आत वाघीण उभ्यानेच बोलत होत्या. पत्त्यांचा डाव पिसतात तसा त्यांनी अर्ज चाळला.

"सातवा परिच्छेद साफ नाकारायचा. नुसता नाकारायचा नाही, उलटवायचा. ही दुसरी बाई कोण आहे? काय करते? मुलीला काय शिकवते?"

"तेच!" मी खुर्चीच्या कडेवर आले. "तिनेच हे सगळं..."

"वही घाला. तारीख, वार, वेळ. बाईचं वागणं, बोलणं, कपडे, सगळं. मुलगी तिथून येते तेव्हा कशी असते, ते मिनिटामिनिटाचं. तीन आठवड्यांनी वही घेऊन या, वकीलपत्रावर सही करू. आपण त्यांना सोलून काढू."

मला इतकं बरं वाटलं की परतताना मी स्वतःसाठी चांगल्या कागदाची, दोनशे पानी वही घेतली. वर्षभर जे मनात होतं त्याला आता काम मिळालं होतं. मत्सराला गृहपाठ दिला होता कोणीतरी.

पुढचे तीन आठवडे मी जशी जगले तशी पुन्हा जगायची वेळ येऊ नये. दुपारच्या सुटीत डबा न खाता दोन रस्ते ओलांडून त्या दवाखान्यासमोर जायचे. समोर पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. दुकानदाराला वाटलं मी मोठं गिऱ्हाईक आहे. तो रोज नवा गठ्ठा उलगडायचा आणि मी कापडाच्या कडेवरून दवाखान्याची काच पाहायचे. ती बाई पेशंटच्या गळ्याखाली कागद लावायची. हसायची. तोंड उघडं टाकून आडवा पडलेला माणूस काय विनोद करणार, ही कशाला हसते? लिहिलं. एकदा ती बाजूच्या दुकानात केसांच्या रबरांसमोर उभी राहिली. एकेक रबर ताणून पाहत होती, सोडत होती, पुन्हा ताणत होती. किती ताणलं की लहान केसांना चावणार नाही, याचा तो हिशोब आहे हे मला लांबून कळलं. मी स्वतः कधी रबर ताणून पाहिलं नव्हतं. पुडा घ्यायचे आणि यायचे. शेवटी तिने जांभळी दोन निवडली. मी वहीत लिहिलं: 'जांभळा रंग. आपल्याकडे चालत नाही.' आता विचारते स्वतःला, का चालत नाही? कोणाला?

भुंगीचा वरचा दात हलायला लागला, तेही त्या बाईला आधी कळलं. "मावशी म्हणाली, सोळा दिवसांत पडेल." मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अगं, मलाही दिसलं होतं." दिसलं नव्हतं. माझ्या पोरीच्या तोंडातली बातमी मला बाहेरून आली होती. त्या दिवशी वहीत दीड पान झालं.

वाघिणीकडे जायला चार दिवस उरले असताना टेबलावर एक पुस्तिका आली. मुलांसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेची, पालकांसाठी, अठ्ठेचाळीस पानांची. लेखिका वकील होत्या. पहिलं मुद्रित त्यांनी स्वतः तपासून पाठवलं होतं, हिरव्या पेन्सिलीने. मी पानं उलटू लागले तर 'ताबा' हा शब्द दिसेल तिथे कापलेला. 'मुलाचा ताबा' कापून 'मूल कोणाकडे राहील'. 'ताबा मिळाल्यावर' कापून 'मूल राहायला आल्यावर'. ओळी लांबत होत्या, पानं सरकत होती, पानं लावणारी मैत्रीण कपाळ बडवत होती. तेवीस ठिकाणी कापला होता. चोविसावा एकतिसाव्या पानावर तळटिपेत निसटला होता.

मी फोन केला. "बाई, एकतीस पानावर एक 'ताबा' राहिलाय. तोही काढायचा की तिथे मुद्दाम ठेवलाय?"

"काढा, काढा. कसा राहिला मेला!" पलीकडून आवाज आला. "ताबा घराचा असतो, गाडीचा असतो. ज्याला उलटून बोलता येतं त्याचा ताबा घेता येत नाही."

मी "बरं" म्हणून फोन ठेवायला हवा होता. मी म्हणाले, "माझीही एक केस आहे."

पलीकडे त्यांनी कागद सरकवले. मग म्हणाल्या, "पुस्तिकेचं मुद्रित घेऊन तुम्हीच या ना उद्या. येताना अर्ज आणा."

त्यांचं ऑफिस सायकलदुरुस्तीच्या दुकानावर होतं. एक खोली, दोन खुर्च्या, एक गुडघ्याएवढं टेबल आणि त्यावर डब्यात रंगीत खडू, सगळे तुटके, कागद सोललेले. बाई पन्नाशीच्या, पायात कापडी बूट. नुकत्याच बाल न्याय मंडळातून आल्या होत्या. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या पोरांच्या केसेस त्या तिथे चालवत, आणि उरलेल्या वेळात, त्यांच्याच शब्दांत, 'कचाट्यात सापडलेल्या आईबापांच्या'.

अर्ज त्यांनी सावकाश वाचला. 'मानसिक'वरची माझी पेन्सिल पाहून भुवई उचलली. मग विचारलं, "सकाळी तिला कोण उठवतं?"

मी उत्पन्नाचा दाखला काढायला पर्समध्ये हात घातला होता, तो तसाच राहिला. "कोणी नाही. सव्वासहाला स्वतःच उठते. आधी गुणगुणणं ऐकू येतं, मग ती येते."

"गृहपाठ कुठे करते?"

"खिडकीशी. तिचं टेबल आहे. माझ्या भावाने पाय कापून बुटकं करून दिलंय."

"चिडली की काय करते?"

"गुणगुणणं बंद."

त्यांनी ते लिहून घेतलं. आधीच्या दोघांनी तिचं वय विचारलं होतं, फक्त वय. मला एकदम वाटलं, हीच ती वकील. आणि लगेच भीती वाटली की इतकं चांगलं वाटतंय म्हणजे यात काहीतरी असणार.

"मी वही आणलीय," मी म्हणाले. जराशा अभिमानानेच.

बाईंनी वही उघडली, पेन्सिल घेतली, आणि वीस मिनिटं खालून सायकलींची घंटी वाजत राहिली. त्या काठावर खुणा करत होत्या. कुठे लहानशी बरोबरची खूण, कुठे नुसतं टिंब. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर खुणा केल्या तिला स्वतःच्या कागदावर दुसऱ्याची पेन्सिल चालताना पाहणं काय असतं, ते मला विचारा.

"खूप चुका आहेत?" मी विचारलं.

"एकही नाही. अक्षर तर असं, की वाटतं छापावं." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "खूण केलीय तिथे ती बाई आलीय. टिंब दिलंय तिथे भुंगी."

मला मोजावं लागलं नाही. पानांच्या काठाने खुणांची रांग मुंग्यांसारखी चालली होती. टिंबं मधूनच, वाट चुकल्यासारखी.

"मला हे वाघीणबाईंनी लिहायला सांगितलं होतं."

"सांगणारच. त्यांना तिच्याविरुद्ध साहित्य हवंय. मिळालंय का बघू." त्यांनी एक पान काढलं आणि वाचलं, शिक्षिका फळ्यावरचं वाचते तसं, चढउतार न करता. "रविवार. सहा दहा. भुंगी आली. पाचपेडी. दारातच वेणीवर हात ठेवून उभी. लपवायला कोण शिकवतं? सहा बारा. वेणी सोडली. सहा चौदा. सोडून झाली. रडली. ती बाई मुलीला रडवून पाठवते."

वाचून थांबल्या. खालची घंटीही नेमकी थांबली.

"दोन मिनिटं," बाई म्हणाल्या.

"हो. मी घड्याळ बघूनच लिहायचे."

"माझी मुलगी नाचायची. कार्यक्रम झाला की मी तिची पाचपेडी सोडायचे. पंधरा मिनिटं लागायची, बाई. दोन मिनिटांत सुटते ती ओढल्यावर."

मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूने आहात."

"मी अजून कोणाच्याच बाजूने नाही. वकीलपत्रावर सही कुठे केलीय तुम्ही?"

मला फार राग आला होता. राग नव्हता तो. सातवा परिच्छेद मी इतक्यांदा वाचला होता, त्यातली वेलांटी मला दिसली, आणि तो मजकूर माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत लिहिलेला मला दिसला नव्हता. मी तो पुराव्यासारखा, वेळेसकट, लिहून ठेवला होता. त्यांच्या वकिलाला हे जमलं नसतं.

"आता?" मी विचारलं.

"आता तुमचं म्हणणं दाखल करायचं." कोर्टात उत्तराला 'म्हणणं' म्हणतात. "परिच्छेद सातमधला मजकूर खरा आहे. ते का घडलं ते दोन ओळींत लिहायचं, आणि यापुढे होणार नाही असं लिहायचं. पाळणार असाल तरच."

"आणि कबूल केलं म्हणून भुंगीला तिकडे पाठवलं तर?"

"पाठवतील असं वाटत नाही. पण खात्री देणार नाही. खात्री देणारे वकील हवे असतील तर खाली उतरा, याच रस्त्यावर चार आहेत. एकाच्या पाटीवर लिहिलंयसुद्धा."

"वाघीणबाई तर म्हणाल्या, साफ नाकारायचं."

"चांगल्या वकील आहेत त्या. नाकारतील, आणि असं नाकारतील की तुम्हालाही खरं वाटेल. मग समुपदेशक भुंगीला एकटीला खोलीत बसवतील आणि विचारतील, आई वेणी सोडते तेव्हा काय होतं गं?" बाईंनी वही मिटली. "तिने खरं सांगितलं तर तिची आई खोटी ठरते. तिने खोटं सांगितलं तर तुम्ही तिला ते करायला लावलंत. सात वर्षांच्या मुलीसाठी यातला कोणता पर्याय बरा, ते घरी जाऊन ठरवा. पुस्तिकेचं मुद्रित ठेवून जा."

घरी आले तेव्हा भुंगी खिडकीशी बेरजा करत होती. मी भाजी चिरायला घेतली. पाठ करूनच विचारलं, कारण तोंड करून विचारायची हिंमत नव्हती. "भुंगे, वेणी सोडताना दुखतं का गं?"

गुणगुणणं बंद झालं.

"थोडंच," ती म्हणाली. "मी आधीच डोळे घट्ट मिटून ठेवते ना."

"आणि दारात हात ठेवून उभी राहतेस ते?"

"मला वाटतं, हात ठेवला की तुला दिसणार नाही." मग वहीत डोकं घालून, "पण तुला सगळं दिसतं."

वाघिणीच्या ऑफिसातून दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम विचारतायत, वही भरली का?" मी म्हटलं, "भरली. पण ती माझ्याविरुद्ध भरलीय." पलीकडच्या मुलीला कळलं नाही. "मग नवी घालणार का?" म्हणाली.

वकीलपत्रावर मी सायकलवाल्याच्या माडीवर सही केली.

तारखेच्या दिवशी बाईंनी मला बजावलं होतं, "बाहेर बसायचं. बोलायचं नाही. त्याच्याशी नाही, तिच्याशी तर नाहीच. वेणी ओढायची सवय जिभेलाही असते." समुपदेशकाच्या खोलीबाहेर एकच बाक होता. आत भुंगी एकटी गेली. शेजारच्या खोलीत तिचा बाबा त्याच्या वकिलाबरोबर आमचं म्हणणं वाचत होता. बाकाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती बाई. मधे तिची पर्स. पर्सच्या फटीतून कंगवा दिसत होता. कोर्टात कंगवा कशाला आणते ही?

बराच वेळ आम्ही दोघी समोरच्या भिंतीवरची तीच सूचना वाचत होतो. 'शांतता राखा'मधला 'शां' कोणीतरी खरवडला होता.

"ताई," ती म्हणाली.

"मी तुमची ताई नाही." निघालंच तोंडून.

"बरं. पण मग ती मला मावशी म्हणते त्याचं काय करू?"

"कोणी शिकवलं तिला मावशी म्हणायला?"

"मी काकू सुचवलं होतं. ती म्हणाली, काकू म्हणजे बाबाकडची. आईकडचं काहीतरी सांग." ती पर्सचा बंद बोटांनी वळत होती, एकावर एक, एकाखालून एक, तिला कळत नव्हतं की ती बंदाचीसुद्धा वेणी घालतेय. "मला वाटलं होतं तुम्हाला आवडेल. ती वेणी. पहिल्यांदा घातली तेव्हा म्हणाली, आईला दाखवायचीय, बिघडवू नकोस. गाडीत मान हलवली नाही तिने सबंध वाटभर."

मी भिंतीवरची सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. बोलायचं नाही असं ठरलंच होतं.

"मग ती घरी गेल्यावर रडल्याचं सांगायला लागली. मी घालणं बंद करायला हवं होतं." तिचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "नाही केलं. ती शनिवारी येते ना, तेव्हा तिच्या केसांना तुमच्या घरचा वास येतो. मी आधी केस धुते. मग वेणी घालते."

मला इतका संताप आला, की बाकाची कड धरून ठेवली. माझ्या घरचा वास धुते! माझ्या पोरीच्या डोक्यावरून मला धुऊन काढते, आणि वर सांगते! आणि त्याच क्षणी मला तिच्याइतकं ओळखीचं माणूस त्या इमारतीत दुसरं कोणी वाटलं नाही. मी सोडते, ती धुते. मधे भुंगी, डोळे घट्ट मिटून.

"माझं नाव सांगू नका आत," ती म्हणाली. "धुण्याचं."

"मी आता लिहून ठेवत नाही," मी म्हटलं.

आम्हाला आत बोलावलं. टेबलाच्या पलीकडे भुंगीचा बाबा आमचं म्हणणं हातात धरून बसला होता. लग्नाच्या सगळ्या वर्षांत मी त्याच्याकडे एकदाही चूक कबूल केली नव्हती, त्यामुळे तो पहिल्यांदाच असा कागद वाचत होता. "मला वाटलं, तू नाहीच म्हणशील," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्याच्या वकिलाने घसा साफ केला. "जाबदार स्वतःच मान्य करतायत, तेव्हा आमची मागणी..."

"थांबा हो जरा," त्याचाच पक्षकार म्हणाला.

समुपदेशकांनी भुंगीचं सांगणं वाचून दाखवलं. तिला शाळेला खिडकीच्या टेबलापासूनच जायचंय. बाबाकडे जायला आवडतं. आठवडाभर कुठेच जायचं नाही, कारण मग दुसरीकडच्या गोष्टी विसरतात. आणि एक अट: 'वेणी जिथे घातली तिथून दुसरीकडे जाताना मी वेणीबरोबर जाणार.' शब्द तिचेच होते, समुपदेशकांनी बदलले नव्हते.

मग माझ्या बाईंनी मला आधी विचारून ठेवलेली गोष्ट टेबलावर ठेवली. आमच्याकडून, बाबाकडे बुधवारची संध्याकाळ जास्तीची. मी माडीवर याला हो म्हणताना तीनदा नाही म्हटलं होतं. "तो मागतोय तेवढं द्यायचं नसतं," बाई म्हणाल्या होत्या, "पण तुम्हीच देताय असं काहीतरी असावं." आता ते मोठ्याने ऐकताना मला वरच्या दातापासून खालपर्यंत दुखलं. दर बुधवारी. कंगवा. जांभळी रबरं.

त्याने अर्ज मागे घेतला. आठवड्याआड राहण्याचा हट्ट सोडला, सातवा परिच्छेद खोडला. भुंगी माझ्याकडे राहील, असं लिहिलं गेलं. समुपदेशकांच्या मसुद्यात 'ताबा' होता. बाईंनी हिरवी पेन्सिल काढली. मी सही केली, आणि जिना उतरेपर्यंत मला कळलं नाही की मी जिंकले आहे, कारण जिंकल्यासारखं अंगात काही नव्हतंच.

"आता काय करू?" मी पायरीवर बाईंना विचारलं.

"रविवारी सहा दहाला हात कामात ठेवा," त्या म्हणाल्या. "पुस्तिकेचं दुसरं मुद्रित कधी देताय?"

रविवारी सहा वाजता मी कणीक मळायला घेतली. मुद्दाम. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, म्हणजे काही धरता येणार नाही. घंटा वाजली तेव्हा कोपरानेच कडी काढली.

भुंगी दारात उभी. दाताच्या जागी खिडकी. तो सोळाव्या दिवशीच पडला होता, तेही त्याच घरात. वेणी पाचपेडी, खांद्यावरून पुढे घेतलेली, टोकाला जांभळं रबर. डाव्या हातात चपला, उजव्या हातात पडलेल्या दाताची पुडी. वेणीवर हात नव्हता. ती गुणगुणत आत आली आणि वेणी मागे टाकून माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली, दाखवायला.

मी पाहिली. पेड सरळ होते, सारखे होते. फक्त मानेजवळ, उजवीकडचा दुसरा पेड, किंचित ढिला सुटला होता. मला ते दारातूनच दिसलं होतं.

"छान आहे," मी म्हणाले. आणि त्या ढिल्या पेडाकडे पाहून मला मनापासून बरं वाटलं.